कुठेच न जाणारा जिना

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक जिना उभा करा. चार पायऱ्या चढायच्या, वर पाटाएवढ्या फळीवर थांबायचे आणि पलीकडच्या चार पायऱ्या उतरून पुन्हा त्याच खोलीत यायचे. वर गच्ची नाही, माळा नाही, लपायला एखादा कोनाडासुद्धा नाही. दोन्ही बाजूंना धरायला कठडा आहे, बस्स. असा जिना कुणी बांधला तर त्याला काय म्हणाल? वेडा म्हणाल ना? खुशाल म्हणा. तो वेडा जिना म्हणजे मी.

मी लाकडाचा आहे. माझे वय साधारण तुमच्या आजोबांएवढे. देशाच्या सैन्याच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयात, तळमजल्यावरच्या व्यायामाच्या दालनात, खिडकीशेजारी मी उभा असतो. ज्या सैनिकांचा पाय गेला आहे, किंवा पाय आहे पण चालणे विसरला आहे, ते इथे पुन्हा चालायला शिकतात. माझ्यावर चढून आजवर कुणी कुठे पोहोचले नाही. पण माझ्यावरून उतरलेली माणसे आपापल्या घरी पोहोचली. हीच माझी कमाई. ती कशी झाली, ते सांगतो.

मी जन्मलो तेव्हा हे रुग्णालय आजच्यासारखे पाच मजली नव्हते. मोकळ्या माळावर तंबूंच्या रांगा, पत्र्याच्या दोन बराकी आणि पाण्याची एक टाकी, एवढाच त्याचा संसार. एक मोठी लढाई नुकतीच संपली होती. गाड्या भरभरून जखमी येत होते. डॉक्टर हात धुऊन वळेपर्यंत पुढची गाडी दारात उभी असे. जखमा भरत, टाके निघत. पण पाय गमावलेला माणूस खाटेवर पडून तंबूच्या कापडाकडे बघत राही. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी एके सकाळी सुतारकाकांना बोलावले.

“काका, मला एक जिना हवाय.”

“कुठे लावायचा?”

“कुठेच नाही.”

“बरं. मग तो जातो कुठे?”

“कुठेच नाही.”

सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे नीट पाहिले आणि परत कानावर ठेवली. “साहेब, तुम्हाला झोप मिळतेय ना वेळेवर?”

डॉक्टर हसले. मग म्हणाले, “काका, या पोरांचा जीव वाचवणं आम्हाला जमलं. पण घरी जायचं तर घराची पायरी चढता यायला हवी. आमच्या तंबूंना पायरीच नाही. शिकवू कशावर?”

काकांनी एका मोडलेल्या पुलाच्या तुळया आणल्या, औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या रंधून घेतल्या आणि तीन दिवसांत मला उभे केले. माझ्या दुसऱ्या पायरीच्या पोटाला अजून ‘काच आहे, जपून उचला’ अशी अक्षरे आहेत. मुले वाकून ती वाचतात आणि हसतात.

आता एक खोडीची गोष्ट सांगतो. माझी तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. चूक सुतारकाकांची नव्हती. त्यांच्याजवळ दिवसभर एक सैनिक बसलेला असे. तो पलटणीचा स्वयंपाकी होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. तो एवढ्या गमती सांगायचा, की हसता हसता काकांची पट्टी सरकली. काका पायरी उखडायला निघाले, तर पाच-सहा जण कुबड्या टेकत रांगेत येऊन उभेसुद्धा राहिले होते. “राहू द्या हो काका,” स्वयंपाकी म्हणाला, “आमच्या घरची तरी कुठे सरळ आहे!” राहिली ती राहिलीच.

माझ्यावर पहिला चढला तो हाच स्वयंपाकी. त्याला लाकडाचा नवा पाय मिळाला होता. त्यावर थाप मारून तो सगळ्यांना सांगे, “हा माझा धाकटा. डोकं लाकडाचं आहे, पण मनानं बरा आहे.” मग चांगला पाय आपोआपच थोरला झाला. तेव्हापासून आमच्या दालनात प्रत्येकाच्या खऱ्या पायाला थोरला आणि नव्या पायाला धाकटा म्हणायची रीत पडली. आमचा एकमेव नियमही त्याच नावांनी सांगतात. चढताना थोरला आधी, उतरताना धाकटा आधी. का, ते तुम्हाला पुढे कळेल. मलासुद्धा ते नीट कळायला पुष्कळ वर्षे लागली.

वर्षे गेली. तंबूंच्या जागी विटांच्या भिंती आल्या. एका वर्षी नद्यांना पूर आला, तेव्हा रुग्णालयाचे डॉक्टर होड्यांतून गावोगाव गेले आणि आमच्या वॉर्डात प्रथमच गणवेश नसलेली माणसे आली. आजी आल्या, लहान मुले आली. त्या महिन्यात माझ्यावर चढण्यापेक्षा माझ्याखाली लपणारेच जास्त होते. शांततेच्या काळात निवृत्त सैनिक गुडघे दाखवायला येत आणि आपापल्या लढाया पुन्हा एकदा लढून जात. धाकटेही बदलत गेले. पहिले लाकडाचे, चामड्याच्या पट्ट्यांचे. ते प्रत्येक पावलाला कुरकुरत. मग धातूचे आले. आता तर असे हलके धाकटे येतात, की सिस्टर एका हातात दोन घेऊन जातात आणि दुसऱ्या हातात चहाचा कप.

या रुग्णालयात डॉक्टरही घडतात. त्यांच्यासाठी इथे एक जुनी पद्धत आहे. आमच्या विभागात नवा डॉक्टर आला, की पहिल्या दिवशी त्याचा एक पाय गुडघ्यात दुमडून पट्ट्याने बांधतात, त्याला लाकडी खुंटी लावतात आणि माझ्यावर चढायला सांगतात. सगळे रुग्ण बाकांवर बसून बघतात. एकदा एक मोठे नावाजलेले शल्यविशारद आले. “चारच तर पायऱ्या आहेत,” ते म्हणाले. तिसरीवर त्यांचा जो तोल गेला, तो थेट सिस्टरच्या पावडरच्या डब्यात. नाकापासून कानापर्यंत पांढरे झालेले ते डॉक्टर उठले आणि आधी स्वतःच हसले. पुढे त्यांनी कुणालाही “चारच तर पायऱ्या आहेत” असे म्हटलेले मी ऐकले नाही.

सुखाचे दिवस सरतातच. एके वर्षी लोखंडी जिना आला. चकचकीत होता. बटण दाबले की त्याच्या पायऱ्या कमी-जास्त होत आणि सगळ्या केसाइतक्यासुद्धा न चुकता सारख्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी तिसरी पायरी मोजली, ओठ मुडपले आणि मला अडगळीच्या खोलीत पाठवले. चार वर्षे मी तिथे होतो. माझ्यावर फाटक्या गाद्या होत्या, मोडके पंखे होते. आमच्या मांजरीने दोनदा माझ्याखाली पिल्ले घातली. तेवढीच मला सोबत. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटत असे. आपण निरुपयोगी झालो, असे वाटायला लागले की लाकूडसुद्धा आतून फुगते.

मग आमच्या विभागात नव्या व्यायामतज्ज्ञ आल्या. उंच, शिडशिडीत, आवाज शाळेच्या घंटेसारखा. दिवसातून शंभर वेळा “पाठ सरळ!” म्हणत, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना सरळताई म्हणत. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. लोखंडी जिन्यावर झरझर चढणारे सैनिक घरी गेले, की चार दिवसांत ठेचकाळून परत येत. त्यांनी कारण शोधले. घरचा जिना कधी एकसारखा नसतो. कुठे फरशी खचलेली, कुठे पायरी वर आलेली. “तो जुना वाकडा जिना आणा,” ताई म्हणाल्या, “आधी लोखंडी, मग लाकडी. लाकडी चढला तोच घरी जाणार.” मला पुसले, खिळे ठोकले, तेलपाणी केले. ज्या खोडीपायी मी बाहेर गेलो, तिच्यामुळेच परत आत आलो. त्या दिवशी मी फारसा कुरकुरलो नाही.

आता मी तुम्हाला उस्तादांची आणि मुंगीची गोष्ट सांगतो.

उस्ताद सैन्यात कवायत शिकवत. वीस वर्षांत हजारो नव्या सैनिकांना त्यांनी चालायला शिकवले होते. हो, चालायला! तुम्हीही शाळेच्या मैदानात शिकला असाल: ‘पुढे चल’ म्हटले की पहिले पाऊल डाव्या पायाचे. कुणी उजवा पाय टाकला, की उस्ताद त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावत. एके दिवशी घाटात शिकाऊ सैनिकांची गाडी उलटली. उस्तादांनी दोघांना बाहेर ढकलले आणि स्वतः अडकले. कुणी विचारले तर म्हणत, “गाडी उलटली. एवढंच.” त्यात त्यांचा डावा पाय गेला.

उजवा गेला असता, तर ही गोष्टच झाली नसती.

मुंगी त्यांची नऊ वर्षांची मुलगी. सुट्टीत ती आत्याकडे राहायला आली होती. आत्याचे घर रुग्णालयाच्या मागच्याच रस्त्यावर होते. तिची आई दूरच्या गावी होती, कारण घरी दीड महिन्याचे बाळ होते. मुंगीला भाऊ झाला होता आणि उस्तादांनी त्याला अजून पाहिलेसुद्धा नव्हते. फोनवर त्याचे रडणे ऐकून म्हणत, “आवाज चांगला आहे. मैदानापर्यंत पोहोचेल.”

मुंगीची सुट्टी संपत आली होती. रविवारी सकाळची गाडी ठरली होती. त्या गाडीत मुंगी आणि आत्या जाणार, हे नक्की. उस्ताद जाणार की नाही, ते शनिवारी ठरायचे होते. उस्तादांचे घर दुसऱ्या मजल्यावर होते आणि तिथे लिफ्ट नव्हती. म्हणून डॉक्टरांच्या मंडळासमोर त्यांना माझ्यावरून तीनदा चढून उतरून दाखवायचे होते. एका हाताने कठडा धरायची परवानगी होती, पण माणसाचा आधार घ्यायचा नाही. जमले तर घर. नाही जमले, तर आणखी तीन महिने लांबच्या आरोग्यधामात.

लोखंडी जिना त्यांनी हळूहळू, एकेका पायरीवर दोन्ही पाय जुळवत, कसाबसा पार केला होता. सोमवारी ते माझ्यापाशी आले. सरळताईंनी आवाज दिला, “पुढे चल!”

आणि उस्तादांचा डावा पाय पुढे आला. नवा पाय, धाकटा! त्याच्यात अंग उचलून घ्यायची ताकद कुठली? तिसऱ्या पायरीवर गुडघा लटपटला.

“डावा नको, उस्ताद. थोरला आधी!”

“चूक झाली, मॅडम. पुन्हा.”

“पुढे चल!”

पुन्हा डावा. त्या सकाळी अकरा वेळा डावा. दालनातले सगळे बघत होते. हाताला पट्टी बांधलेला एक तरुण सैनिक कधीकाळी उस्तादांच्याच हाताखाली शिकला होता. तो बाकावरून म्हणाला, “उस्ताद, डावा-उजवा चुकला म्हणून मला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्यात. आता तुमची पाळी!”

“दहा नव्हे, बारा,” उस्ताद घाम पुसत म्हणाले, “दोन तू चुकवल्यास. अजून येणं आहे माझं.”

सगळे हसले, उस्तादही हसले. पण बुधवारी ते पडले. कोपर सोलवटले. सरळताईंनी त्यांच्या कागदावर काहीतरी लिहिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आज पुरे.” उस्तादांनी मान हलवली. मग धाकट्याचा पट्टा सोडून त्यांनी तो जरा जोरातच बाकावर ठेवला. “वीस वर्षं जो पुढे असायचा, त्याला म्हणे आता धाकटा म्हणा,” ते स्वतःशीच पुटपुटले. मुंगी माझ्या कठड्याला टेकून उभी होती. तिने ते ऐकले.

मुंगी फार बोलत नसे, पण तिचे डोळे सगळीकडे असत. गुरुवारी ती तरातरा सरळताईंपाशी गेली.

“सरळताई, बाबांना पायरी चढता येते.”

दालनातले सगळे रुग्ण अचानक मन लावून व्यायाम करू लागले.

“काय म्हणालीस मला?”

“सरळताई. सगळेच म्हणतात.”

ताईंनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. “सगळ्यांचं मी नंतर बघते. तू काय सांगत होतीस?”

“जेवणघराला उंच उंबरा आहे ना? बाबा रोज तो ओलांडतात. शेजारच्या खाटेवरच्या काकांशी बोलत बोलत गेले, तर आधी उजवा टाकतात. पण कुणी ‘चला’ म्हटलं, की लगेच डावा येतो. मी चार वेळा बघितलं. त्यांना चढता येतं, ताई. तुम्ही हुकूम देता म्हणून चुकतं.”

सैनिकांना हुकुमाची सवय असते, म्हणून सरळताई हुकूम देत आणि बाकी सगळ्यांना त्याचा फायदाच होत असे. “मग मी काय म्हणू?” त्यांनी विचारले. “यावं, बसावं, सरबत घ्यावं?”

मुंगी खुदकन हसली. त्या दिवशी ताईंनी खरेच हुकूम दिला नाही. “सावकाश या, उस्ताद,” एवढेच म्हणाल्या. उस्ताद माझ्यासमोर उभे राहिले. छाती पुढे, हनुवटी वर. आणि आला तो डावाच.

“मॅडम, तुम्ही गप्प बसलात तरी उपयोग नाही,” उस्ताद म्हणाले. “माझ्या आत एक कवायत मास्तर बसलाय. तो गप्प बसत नाही.”

शुक्रवारी दुपारी दालन रिकामे होते. उस्ताद माझ्या पहिल्या पायरीवर बसले होते, मुंगी दुसऱ्या. मित्रांनो, पायऱ्यांना कान असतात. त्या दोघांचे बोलणे मी शब्द न् शब्द ऐकले.

“मुंगे, उद्या नाही जमलं तर तू आत्याबरोबर जा. आईला म्हणावं, तीन महिने काय, बघता बघता जातील.”

“नाही जाणार बघता बघता,” मुंगी म्हणाली. मग थोड्या वेळाने, “बाबा, तुम्हाला पायाला धाकटा म्हणायला का नाही आवडत?”

“अगं, तो पुढे असायचा. पहिलं पाऊल नेहमी त्याचं. त्यालाच मागं जा म्हणायचं?”

“मीही पहिलीच होते,” मुंगी म्हणाली. “बाळ आलं आणि मी थोरली झाले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.”

उस्ताद वळले. “राग आला होता?”

“थोडा. दोन दिवस. मग आई म्हणाली, थोरलं असणं म्हणजे बढती.” ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली. “आणि आमच्या शेजारच्या ताईला धाकटा भाऊ आहे. आत्ताच चालायला लागलाय. ती जिना चढते ना, तेव्हा आधी स्वतः एक पायरी वर जाते आणि मग त्याला ओढून घेते. उतरताना त्याला आधी खाली सोडते आणि स्वतः वर थांबून धरून ठेवते. त्याला मागं टाकत नाही काही. तो पडू नये म्हणून तसं करते.”

मित्रांनो, इतकी वर्षे मी तो नियम ऐकत होतो. चढताना थोरला आधी, उतरताना धाकटा आधी. त्याचा अर्थ इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता. उस्तादांनी आपल्या नव्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.

“बढती म्हणतेस?” शेवटी ते म्हणाले. “म्हणजे उजव्याला बढती मिळाली. आणि हा नवा भरती झालेला पोरगा.”

“हो. आणि नव्या पोराला तुम्ही कधी एकटं पुढे पाठवता का?”

“छे! पहिल्या दिवशी कोण पाठवतं?” उस्ताद कठडा धरून उठले. त्यांचा आवाज बदलला होता. “मुंगे, खाली उभी राहा. हुकूम तू दे. पण ‘चल’ म्हणायचं नाही. नाव घेऊन दे.”

मुंगी समोर जाऊन ताठ उभी राहिली आणि तिने आपल्या बारीक आवाजात हुकूम सोडला, “थोरला, पुढे!”

उजवा पाय माझ्या पहिल्या पायरीवर पडला. ठाम, पूर्ण वजनाने. “धाकटा, मागून!” नवा पाय अलगद वर आला. तिसऱ्या पायरीला थोरला जरा अडखळला, पण धाकटा त्याच्याखाली घट्ट उभा होता. त्या दुपारी ते सात वेळा चढले-उतरले. दारात सरळताई केव्हाच्या उभ्या होत्या. त्यांनी “पाठ सरळ” असे एकदाही म्हटले नाही.

शनिवार उजाडला. तीन डॉक्टर खुर्च्यांवर बसले. मधले मोठे साहेब, पांढऱ्या मिशांचे. नातेवाइकांना आत परवानगी नव्हती. मुंगी आणि आत्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. दाराला काच होती आणि त्या काचेला खालच्या बाजूला एक नाक चिकटलेले मला दिसत होते.

मोठे साहेबही जुने सैनिक. समोर कवायतीचे उस्ताद बघून त्यांनाही स्फुरण चढले. सरळताई काही सांगणार, तेवढ्यात ते कडाडले, “उस्ताद, पुढे चल!”

आणि डावा पाय उचलला गेला. वीस वर्षांची सवय! काचेवरचे नाक नाहीसे झाले. बहुधा तिने डोळे झाकले असावेत. पाय माझ्या पहिल्या पायरीवर टेकणार, एवढ्यात तो हवेतच थांबला. मग हळूच जमिनीवर परत आला.

“साहेब, हुकूम चुकला,” उस्ताद म्हणाले.

“काय?” मोठे साहेब म्हणाले. त्यांना असे म्हणणारे कुणी बऱ्याच वर्षांत भेटले नसावे.

“या जिन्यावर तो हुकूम चालत नाही, साहेब. इथला वेगळा आहे. परवानगी असेल तर मीच देतो.”

मोठ्या साहेबांनी मिशीवरून बोट फिरवले. “द्या.”

उस्तादांनी छाती भरून श्वास घेतला. मग त्या दालनात असा आवाज घुमला, की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि शेजारच्या वॉर्डातले दोघे झोपेत दक्ष झाले.

“थोरला, पुढे! धाकटा, मागून!”

एक पायरी. दोन पायऱ्या. तिसरीपाशी ते थांबले आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाले, “थोरल्या, ही उंच आहे. बेताने.” थोरला बेताने चढला. धाकट्याला त्याने वर घेतले. चौथी. वर क्षणभर थांबले. मग, “धाकटा, पुढे! थोरला, सांभाळ!” आणि उतरले. एकदा, दोनदा, तीनदा. एका हातात कठडा आणि माणसाचा आधार कुणाचाही नाही. काचेवर नाक परत आले होते आणि त्याच्याभोवती श्वासाचे धुके साचले होते.

मोठ्या साहेबांनी कागदावर सही केली. “उस्ताद, कवायतीच्या पुस्तकात हा हुकूम नाही.”

“घालून घ्या, साहेब,” उस्ताद म्हणाले. “उपयोगी आहे.”

मित्रांनो, आता माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणीतरी हळू चढणारे असेल. त्यांच्या मागे उभे राहून “चला ना, चला ना” करू नका. जिन्यात खेळणी, चपला, सायकली ठेवू नका. कठडा हलत असेल तर मोठ्यांना सांगा, आणि मोठ्यांनी लक्ष दिले नाही तर पुन्हा सांगा. मी तर खूश आहे. माझे खिळे घट्ट आहेत, सरळताई मला वर्षातून एकदा तेल लावतात आणि रोज सकाळी कुणी ना कुणी माझ्यासमोर येऊन मोठा श्वास घेते. जुन्या वस्तूला याहून अधिक काय हवे?

रविवारी सकाळी माझ्या खिडकीतून मला रुग्णालयाचे मोठे दार दिसत होते. त्याला नऊ दगडी पायऱ्या आहेत. खाली गाडी उभी होती आणि वर उस्ताद. आत्या धावत त्यांच्याजवळ गेली. “दादा, थांब, मी धरते.” चालकही दार उघडून पुढे आला. येणारे-जाणारे लोक थांबून बघू लागले. एवढ्या डोळ्यांसमोर उस्तादांचा हात कठड्यावर घट्ट आवळला गेला, ते मला इतक्या लांबूनही कळले.

मुंगीने आत्याचा हात धरला आणि तिला ओढत खाली आणले. “आत्या, चल, आपण पुढे होऊ.” चालकालाही तिने काहीतरी सांगितले, तो मान डोलावून गाडीच्या पलीकडे गेला. मग मुंगी शेवटच्या पायरीवर उस्तादांकडे पाठ करून बसली. तिच्या बुटांच्या नाड्या चांगल्या बांधलेल्या होत्या. तिने त्या सोडल्या आणि बाबा नवव्या पायरीवर येईपर्यंत, मान वर न करता, सावकाश परत बांधत राहिली.